दुपट्ट्याखालचा सूर्य

माझा ठरलेला सौदा आजवर एकदाच मोडला, आणि तो थूल मास्तरांनी मोडला. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. गावात त्यांची आठवण निघाली की लोक हळवे होतात. मी होत नाही. देवळीत माझ्या जागेवर, माझ्या टिनाचं, माझ्या लाकडाचं एक शेड उभं आहे. त्याला अख्खं गाव 'थूल मास्तरांचं शेड' म्हणतं. ज्यांनी मास्तरांना कधी पाहिलं नाही तेसुद्धा म्हणतात. आता यावर माणसानं रागावू नये तर काय करावं?

मी भंगारवाला. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. डोक्यावर टोपली घेऊन फुटकी भांडी गोळा करण्यापासून मी सुरुवात केली आणि बंद पडलेल्या जिनांची यंत्रं उचलण्यापर्यंत पोचलो. आमचा मुलूख कपाशीचा, त्यामुळे कापसातून सरकी वेगळी करणारे हे जिन जागोजागी होते, आणि जुनं यंत्र बदललं की लोक मलाच बोलावत.

आमच्याकडे बैलांच्या आणि कापसाच्या बाजारात भाव तोंडानं करत नसत. दोघांनी हात पुढं करायचे, वर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं दाबायची. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन. दहा समजायचे की शंभर, ते माल पाहून ज्याचं त्याला कळतं. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. दुपट्टा उचलला की सौदा संपला, मग तो पटलेला असो की फिसकटलेला. दुपट्टा हातावर आहे तोवर बोलणी चालू. हा नियम मी कधी मोडला नाही. भंगाराचा भावही मी असाच करायचो.

पंचावन्न साली, पावसाळा सरत आला असताना, थूल मास्तर पहिल्यांदा माझ्या दुकानी आले. गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. उंच, काळे, किंचित वाकलेले. भर उन्हातही रस्त्याच्या उन्हाच्या बाजूनंच चालायचे. कोणी सावलीत बोलावलं तर म्हणायचे, "फुकट येऊन राह्यलं, घेऊ द्या." कुठलीही धातूची वस्तू हातात आली की आधी ती नाकाशी नेऊन हुंगायची, मग उजेडात धरायची. माझ्या दुकानात तर ते हुंगत हुंगतच शिरले.

कोपऱ्यात एक तांब्याची पोकळ नळी पडली होती. गावातल्या जिनच्या धुराड्यावर वीज पडू नये म्हणून ती बसवलेली होती, आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी वीज नेमकी तिच्यावरच पडली. धुराडं वाचलं, पण नळी अशी चेपली, जसं धुतलेलं धोतर पिळून टाकावं. मास्तरांनी ती उचलली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही.

"हे कोणी दाबलं, शेठ?" मला गावात कोणी शेठ म्हणत नसे. मास्तर म्हणायचे, आणि त्यात चेष्टा किती नि मान किती हे मला कधीच कळलं नाही.

"कोण दाबते? वीज पडली."

"वीज पडली म्हणून जळाली असती, वितळली असती. चेपली काऊन?"

"मले काय मालूम? विजेले विचारा."

"विजेनंच सांगतलं आहे," मास्तर म्हणाले. "वीज जोरात वाहते तेव्हा ज्याच्यातून वाहते त्यालेच सगळीकडून आवळते. पन्नासएक वर्षांपूर्वी अशीच एक नळी दुसऱ्या एका खंडात सापडली. तिथच्या मास्तरानं ती पाह्यली अन् हे ओळखलं. आता मोठमोठे शास्त्रज्ञ याच आवळण्याच्या जोरावर सूर्य धरून राह्यले."

मी म्हटलं, "सूर्य?"

मग त्यांनी मला समजावलं. सूर्य लाकूड-कोळसा जाळत नाही. तिथं लहान अणू एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि त्यातून उष्णता निघते. ते मिसळण्याइतका तापलेला वायू कुठल्याच भांड्यात राहत नाही, भांडंच उरत नाही. म्हणून भांड्याऐवजी विजेची मूठ वापरायची, जशी या नळीभोवती वळली तशी. आणि जळण? जळण पाण्यात आहे. आपल्या यशोदा नदीच्या एका घागरीत बैलबंड्या भरभरून कोळशाची आग आहे, फक्त ती बाहेर काढता आली पाहिजे.

"अणुबॉम्ब मंग काय होय?" मी विचारलं.

"त्यात अणू फोडते. हे जोडणं आहे. फोडणं त्या मानानं सोपं गेलं लोकांले."

हे मला लगेच पटलं. सौद्यातही तसंच असतं.

गिऱ्हाईक तापलेलं पाहून मी हातावर दुपट्टा टाकला आणि हात पुढं केला. मास्तर त्या हाताकडे पाहतच राहिले. मी म्हटलं, "काऊन मास्तर, लाजता काय?" त्यांनी हात दुपट्ट्याखाली घातला. मी बोटं दाबली. त्यासरशी मास्तर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तीस? इतके नाई माह्यापाशी!" बसलेली माणसं हसून लोळली. भाव फुटला. फुटलेला भाव पुढं कसा चालवणार? नळी जवळजवळ देऊनच टाकावी लागली. रागाची सुरुवात तिथून आहे.

नळी त्यांनी माझ्याच दुकानात ठेवली होती, ती पाहायला त्यानंतर ते दर दोन-चार दिवसांनी यायचे. चहा बिनसाखरेचा, बशीत ओतून, पण बशीतून न पिता परत कपात ओतून. विचारलं तर म्हणाले, "किती वेळात निवतो ते पाहून राह्यलो." एकदा शाळेतली वजनं आणून त्यांनी माझा विक्रीचा काटा तपासला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "शेठ, तुमचा काटा खोटा आहे." मी ताडकन उठलो. शिव्या तोंडाशी आल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमच्याच अंगावर जाऊन राह्यला. विकताना तुम्ही लोखंड जास्त देऊन राह्यले." गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहू लागली. मी परत खाली बसलो. पण ही गोष्ट कानात सांगता आली नसती काय?

त्याच वर्षी परदेशात एक मोठी परिषद झाली होती. तिच्या अध्यक्षपदावरून आपल्याच देशातल्या एका शास्त्रज्ञानं सांगितलं होतं की वीस वर्षांत हा सूर्य माणसाच्या हातात येईल. ते ऐकल्यापासून मास्तर वीसवर बसले होते.

मी म्हणायचो, "दहा करा."

"वीस."

"पंधरा. तुमचं नाई, माह्यं नाई."

"शेठ, हा माल माह्या दुकानातला नाई. मी भाव कसा पाडू?"

"मंग तुमच्या शास्त्रज्ञाले सांगा, देवळीत एक गिऱ्हाईक नगद घेऊन बसलं हाय."

मास्तर हसायचे. हसताना त्यांचे डोळे पूर्ण मिटायचे. माझी घाई खरी होती. उन्हाळाभर गावात कोळशाची वाट पाहत बंद राहणारी इंजिनं मी पाहत होतो. नदीच्या पाण्यावर जिन चालला तर या गावाचं काय होईल, याचा हिशेब मास्तरांच्या आधी माझ्या डोक्यात झाला होता.

पुढच्या वर्षी दसऱ्याला मास्तर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. गावात काही तोंडं वाकडी झाली. मास्तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे दुकानी आले, पांढऱ्या कपड्यांत, आणि जुन्या इंजिनातला, चुंबकावर वीज करणारा एक मॅग्नेटो हुंगू लागले.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, शाळेत विज्ञानाची एक खोली. पोरांना पुस्तकातली वीज न दाखवता खरी दाखवावी, एवढंच. शाळेचे अध्यक्ष दौलतराव, धुराड्यावर वीज पडलेल्या त्याच जिनचे मालक. मास्तर त्यांच्याकडे अर्ज घेऊन जायचे आणि दौलतराव म्हणायचे, "पाहू पुढच्या वर्षी." मास्तर मान हलवून परत यायचे. अशी किती 'पुढची वर्षं' गेली.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत बातमी आली. मास्तर दर रविवारी सायकलनं वर्ध्याला जाऊन वाचनालयात इंग्रजी पेपर वाचायचे. त्या रविवारी ते तसेच घामाघूम माझ्या दुकानी उतरले. विलायतेतल्या शास्त्रज्ञांनी एका मोठ्या पोकळ कड्यात वायू भरून, वीज सोडून, तो आवळून दाखवला होता. अणू जुळल्याची खूण मिळाली, असं ते म्हणत होते. मास्तरांनी ती चेपलेली नळी हातात घेऊन सगळं सांगितलं. मीच म्हटलं, "म्हणजे वीस लागलेच नाई! मी म्हणत होतो ना, भाव पडते म्हणून!"

"अजून तपासून राह्यले ते," मास्तर म्हणाले. पण त्यांचेही डोळे मिटले होते.

इथं मी माझं डोकं चालवलं. त्याच संध्याकाळी दौलतरावांकडे गेलो. हातावर दुपट्टा टाकला, कारण दौलतरावांनाही दुपट्ट्याखालीच खरं बोलता यायचं. मी सांगितलं की जगात पहिल्यांदा माणसानं सूर्य केला आहे, वर्ध्यात अजून कोणी त्याच्या नावानं काही बांधलेलं नाही, आणि कोनशिलेवर एकच नाव मावतं. दौलतरावांनी खोली द्यायची, विटा-चुना त्यांचा, जुनं लोखंड आणि टिन माझं. मास्तरांना जे इतक्या वर्षांत अर्जांनी मिळालं नव्हतं ते मी एका बैठकीत मिळवलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा होता, आणि त्यात मला स्वतःला काहीच सुटत नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात कोणी ते कधी बोललं नाही.

हंगाम संपला. मेच्या अखेरीस पायाभरणी ठरली. शाळेसमोर मांडव पडला, दौलतरावांचं नाव कोरलेला दगड आला, गवंडी चुन्याचं घमेलं घेऊन बसला. ऊन असं की मांडवाच्या बांबूला हात लावला तर चटका बसावा. मास्तर उशिरा आले. माझ्या शेजारी बसता बसता हळूच म्हणाले, "शेठ, वर्ध्याले गेलतो. ते झालं नाई."

"काय झालं नाई?"

"विलायतेतलं. ती खूण खऱ्या जुळण्याची नव्हती. त्यांनी सोताच छापून सांगतलं."

मी चटकन दुपट्टा त्यांच्या हातावर टाकला, खाली त्यांचा हात धरला आणि जोरात दाबला. अर्थ सरळ होता. गप्प राहा. दगड बसू द्या. गावात इंग्रजी पेपर तुमच्याशिवाय कोणी वाचत नाही. विटा चढल्या की महिन्यानं सांगा, नाहीतर सांगूच नका.

मास्तरांनी हात काढून घेतला नाही. तसाच राहू दिला. मला वाटलं, पटलं.

दौलतरावांचं भाषण झालं. दिल्ली-मुंबईच्या आधी देवळीनं सूर्याला घर दिलं, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग आभाराचे दोन शब्द बोलायला मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी दुपट्टा उचलला, घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि उभे राहिले.

"अध्यक्षसाहेबांचे उपकार आहेत," ते म्हणाले, "पण एक गोष्ट दगड बसायच्या आधी सांगतली पाह्यजे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. जानेवारीत काय वाटलं होतं, आता काय कळलं, आणि खोली तरीही का हवी आहे. शेवटचं कोणी ऐकलंच नाही.

दौलतराव उठले. "म्हणजे सूर्य झालाच नाई?"

"अजून नाई."

"मंग मी हा दगड कायच्या नावानं बसवून राह्यलो? आं? सारं गाव हासवता काय माह्यावर?"

मागून कोणीतरी ओरडलं, "अमावस्येच्या नावानं बसवा, अध्यक्षसाहेब!" मांडव हसला आणि त्या हसण्यानं खोली गेली. दौलतरावांनी दगड बंडीत घालून परत नेला. तो पुढं त्यांच्या जिनमध्ये कापूस मोजायच्या काट्याखाली पायरी म्हणून लागला. गवंडी माझ्यापाशी आला आणि विचारू लागला, "भाऊ, हा कालवलेला चुना कोणाच्या घरी टाकू?"

संध्याकाळी मास्तर माझ्या दुकानी आले. यायची हिंमत केली, हे मानलं पाहिजे. मी बसा म्हटलं नाही.

"मास्तर, तुमची खोली होती! माह्यी नोय! तोंडात आलेला घास तुम्ही थुंकून टाकला! काऊन बोलले? मी हात दाबला नव्हता काय?"

"दाबला होता."

"मंग?"

मास्तर मी न सांगताच एका पेटीवर बसले. नळी तिथंच होती, ती त्यांनी मांडीवर घेतली.

"शेठ, माह्या बापानं लय वर्षं या बाजारात बैलं आणले. त्याच्या हातावर कोणी दुपट्टा नाई टाकला. हात लागते ना. त्याले लांबूनच भाव ओरडून सांगत, अन् त्यालेही लांबूनच ओरडून हो म्हणा लागे. साऱ्या बाजाराले ऐकू जाये. आमच्या घरी दुपट्ट्याखालचं बोलणं कोणाले आलंच नाई. तुम्ही पहिल्यांदा हात पुढं केला तेव्हा मले समजलं नाई का करावं काय."

इतकी वर्षं बाजारात घालवून हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि ते असं एकाएकी अंगावर आल्याचाही मला राग आला.

"अन् दुसरं," मास्तर म्हणाले, "जानेवारीत ते झालं म्हणाले, तेव्हा माह्या मनात अर्धाच भरोसा होता. आता नाई झालं म्हणाले, तेव्हा पुरा आला."

"हे कोणतं गणित?"

"एवढं मोठं यंत्र, साऱ्या जगानं वाहवा केलेली, अन् आपल्याच तोंडानं सांगतलं का चुकलो. ज्या कामात असे माणसं हात घालून बसले ते काम होते, शेठ. उशीर लागंल. पण होते."

हे ते अशा आवाजात म्हणाले, जसा शेतकरी काळी ढेकळं हातात घेऊन पेरणीचं बोलतो. त्या माणसाची खोली दुपारीच गेली होती.

माझं डोकं तसंच तापलेलं होतं. मी उठलो आणि म्हटलं, "चला." दुकानामागं माझं टिनाचं शेड होतं, बॉयलरच्या तुकड्यांनी भरलेलं. दौलतरावांच्या जिनमधून ते शेड सरळ दिसायचं. मी दोन गडी बोलावले आणि तुकडे बाहेर फेकायला लावले. "उद्यापासून हे तुमचं. पोरं इथं आणा. रोज आणा. त्याले रोज दिसलं पाह्यजे." यात दानधर्म नव्हता. मला हे दौलतरावांच्या नाकावर टिच्चून करायचं होतं, एवढंच. मास्तरांना मी एक अट घातली की यापुढं माझा दुपट्टा उचलायचा नाही. मास्तर म्हणाले, "ते माह्याच्यानं होईल का नाई, आज सांगता येत नाई." मी कपाळावर हात मारला.

नागपूरच्या एका बर्फाच्या कारखान्यातला पंप माझ्याकडे पडून होता. मास्तरांनी तो दुरुस्त केला आणि त्यानं एका काचेच्या नळीतली हवा ओढून काढली. मोडक्या ट्रकची ठिणगी पाडणारी कॉइल जोडली. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात पोरं शेडमध्ये कोंबून बसली, दार लावलं, आणि मास्तरांनी बटण दाबलं. काचेच्या आत जांभळट गुलाबी उजेड उभा राहिला. पिकलेलं जांभूळ फोडल्यावर दिसावा तसा रंग. मास्तरांनी मॅग्नेटोचं लोहचुंबक जवळ नेलं तर उजेड अंग चोरून बाजूला वाकला. हात न लावता.

"हे सूर्य नाई," मास्तर पोरांना म्हणाले. "सूर्याचं अंगणही नाई. पण लोहचुंबकाचं ऐकते की नाई पाहा. थोडं थोडं ऐकून राह्यलं."

त्या वर्षी हंगाम संपायच्या आत दौलतराव स्वतः शेडच्या दारात उभे राहून तो उजेड पाहून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून दोन बाकं आली. बाकांवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, ती गोष्ट वेगळी.

एकोणसाठ साली मास्तरांना समुद्रपूरच्या नव्या शाळेत बोलावणं आलं. पंप, कॉइल, काचेची नळी त्यांनी शेडमध्येच ठेवली आणि नवीन मास्तरांना सगळं शिकवून दिलं. बरोबर फक्त ती चेपलेली नळी घेतली. मी एसटीपाशी गेलो, ते सामान चढवायला म्हणून. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, हे भंगार कुठं घेऊन चालले?" मास्तर म्हणाले, "तिथच्या पोरांले दाखवाले. विजेच्या मुठीचा ठसा आहे." कंडक्टरनं नळी उलटसुलट पाहिली आणि जपून परत दिली.

मास्तर खिडकीशी बसले. मी खालून दुपट्टा खिडकीच्या गजांतून त्यांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. या वेळी त्यांनी हाताकडे पाहिलं नाही. सरळ पकडला आणि दोन बोटं दाबली. म्हणजे वीस. अजूनही वीसच.

मी चार दाबली. जन्मात मी मागितल्यापेक्षा जास्त कोणाला दिलेलं नाही.

"चाळीस?" मास्तर एवढ्या मोठ्यांदा ओरडले की अख्खी गाडी वळून पाहू लागली.

"हळू बोला ना मास्तर! घ्या चाळीस. तपासून करा म्हणा त्यांले. घाई नाई."

मास्तरांचे डोळे मिटले. तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी हलली. माझा हात सुटला, दुपट्टा मात्र गजांत अडकून त्यांच्या हातावरच राहिला. वळणापर्यंत मला तो दिसत होता, आणि त्याच्याखाली त्यांची मूठ, तशीच धरलेली.

तो दुपट्टा मला परत मिळाला नाही. चाळीस वर्षांची मुदतही उलटून गेली. लोक विचारतात, मास्तरांच्या सूर्याचं काय झालं? मी सांगतो, अजून तपासून राह्यले, आधीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवता येते म्हणतात. लोक हसतात. हसू द्या. त्यांना बाजाराचा नियम माहीत नाही. तो दुपट्टा कोणी उचललेला नाही, आणि दुपट्टा हातावर आहे तोवर सौदा मोडला असं कोणी म्हणू शकत नाही.